जुन्या प्रिंटरची हकीकत

आपल्या शाळेच्या भांडारांत जडवस्तूंची एक नोंदवही आहे. गेलीं अकरा वर्षें तिच्यांत नोंदी करण्याचें काम मजकडे आहे. त्या वहींत शेवटचा रकाना 'शेरा' असा असतो, आणि त्या रकान्यांत माझ्या हातून सर्वांत अधिक वेळां लिहिला गेलेला शब्द 'निकामी' हा होय, असें तीं पानें चाळणाऱ्यास सहज दिसून येईल. चार ओळी लिहिण्यापेक्षां एक शब्द लिहिणें सोपें. शिवाय वस्तु एकदां निकामी ठरली म्हणजे आपली तिच्याविषयींची जबाबदारीहि संपते. ह्याच शब्दावरून गेल्या उन्हाळ्यांत मजवर जो प्रसंग आला, तो वार्षिकाच्या वाचकांस सांगावा असें पुष्कळ दिवस मनांत होतें. संपादकांनीं लेखासाठीं लकडा लाविला, तेव्हां दुसरें कांहीं सुचण्याआधीं हेंच सुचलें.

माझी थोरली बहीण शिरूर तालुक्यांतील पाबळ ह्या गांवीं राहते. आम्ही सर्व भावंडें तिला आक्का म्हणतों. पुण्याहून निघून शिक्रापुरास मोठा रस्ता सोडला व राजगुरुनगरची वाट धरली, म्हणजे हें गांव लागतें. मुलूख कमी पावसाचा. माणसांचे डोळे वर्षांतून चार महिने आभाळाकडे लागलेले. इतिहासाची आवड असणाऱ्यांस मस्तानीच्या कबरीमुळें पाबळचें नांव ठाऊक असतें. मेहुण्यांनीं २००८ सालीं तेथें बाजारपेठेंत एक गाळा भाड्यानें घेऊन टायपिंग, झेरॉक्स व प्रिंटचें दुकान थाटलें. तीन वर्षांनीं ते वारले. आक्काच्या पदरांत तेव्हां दोन वर्षांची मुलगी होती. दुकानांतील सामान विकून मोकळी हो, असें सर्वांनीं सुचविलें. सुचविणाऱ्यांत मीहि होतों. तिनें तें विकलें नाहीं. शिरूरला जाऊन मराठी टायपिंगचा क्लास पुरा केला आणि दुकान चालूं ठेविलें. सातबाराचा उतारा, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, सोसायटीची नोटीस, लग्नपत्रिकेचा मजकूर, असें गांवाचें सारें लिहिणें त्या एका गाळ्यांतून बाहेर पडूं लागलें.

हीं सर्व कामें ज्यावर झालीं तो प्रिंटर मेहुण्यांनीं पहिल्या महिन्यांत आणलेला. एका नांवाजलेल्या कंपनीचा, लहानसा, लेझर जातीचा. त्याची पांढरी पाठ आतां दुधावरच्या सायीसारखी पिवळसर झाली आहे. कागद ओढणारें रबर दोनदां बदललें, टोनर कितीदां भरला त्याची गणतीच नाहीं. पण सतरा वर्षांत त्यानें दुकान एक दिवसहि बंद पाडलें नव्हतें.

गेल्या मे महिन्यांत बंद पडला तो कॉम्प्युटर. त्याची हार्डडिस्क गेली. त्याच आठवड्यांत, १३ मे २०२५ रोजीं, दहावीचा निकाल लागला. माझी भाची उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाली, त्याचा आनंद होताच. परंतु त्या वर्षीं अकरावीचे प्रवेश सबंध राज्यांत प्रथमच ऑनलाइन व्हावयाचे होते, म्हणजे पंचक्रोशींतील सगळीं मुलें अर्ज व दाखले छापून घेण्यासाठीं आक्काच्या दारीं येणार. वर्षाच्या कमाईचा तिसरा हिस्सा ह्या सहा आठवड्यांत होतो, असें ती सांगते. तिनें तांतडीनें हप्त्यानें एक नवा लॅपटॉप घेतला आणि मला फोन केला. "प्रिंटर काही केल्या नव्याशी बोलत नाही. तू बी. एस्सी. झालेला, मुलांना कॉम्प्युटर शिकवतोस. दोन दिवस येऊन जा."

पंधरा तारखेस, गुरुवारीं, मी पाबळास पोहोंचलों. मिशनच्या वसतिगृहांत राहून पदवी घेतलेला व शहरच्या शाळेंत वीस वर्षें शिकविलेला भाऊ आला, आतां काम झालेंच, असा भाव दुकानांत बसलेल्या दोन-तीन गिऱ्हाइकांच्या मुद्रेवर दिसला. आणि खरें सांगावयाचें तर माझ्याहि मुद्रेवर तोच असावा. यूएसबीची केबल लॅपटॉपच्या खोबणींत नीट बसली. खोबण जुळली म्हणजे ओळख झाली, अशी माझी समजूत. पडद्यावर उमटलें: अनोळखी उपकरण.

मग कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन पाहिलें. त्या जातीच्या प्रिंटरचा ड्रायव्हर तेथें जुन्या, ३२-बिट विंडोजपुरताच होता. आक्काच्या लॅपटॉपवर विंडोज ११. ही प्रणाली २०२१ सालीं आली ती केवळ ६४-बिट रूपांतच. एवढ्यावर थांबावयाचें, तर मी दुसऱ्या एका अपरिचित स्थळावरून 'सर्व प्रिंटरांस चालणारा मोफत ड्रायव्हर' अशी एक फाइल उतरवून घेतली व उघडली. प्रिंटर जागच्या जागीं राहिला. लॅपटॉपवर मात्र जाहिरातींचा असा कांहीं पूर लोटला कीं, तो ओसरविण्यांत शुक्रवारची दुपार गेली. भाची शेजारीं उभी होती. ती हळूच म्हणाली, "मामा, अनोळखी ठिकाणची फाइल उघडायची नाही, असं गेल्या नाताळात तुम्हीच मला सांगितलं होतं ना?" मीं ऐकलें न ऐकलेंसें केलें.

संध्याकाळीं दुकानाचें शटर ओढतांना मीं आक्काला सांगून टाकलें, "हा निकामी झाला. नवा घे."

"परवापर्यंत चालत होता रे."

"यंत्रांचं असंच असतं, आक्का."

ती कांहीं बोलली नाहीं. घरीं गेल्यावर तिनें ट्रंकेंतून पोस्टाचें पासबुक काढलें, चष्मा लावून शेवटची नोंद पाहिली आणि म्हणाली, "सोमवारी आरडी मोडते." ती ठेव भाचीच्या अकरावीसाठीं होती, हें मला ठाऊक होतें. भाचीलाहि ठाऊक होतें. ती पाणी आणण्यास आंत गेली ती लवकर बाहेर आली नाहीं.

त्या रात्रीं गच्चीवर मला झोंप येईना. नव्या प्रिंटरचे पैसे मीं द्यावे असें मनांत आलें. पण गेल्या चौदा वर्षांत आक्कानें मजकडून भाऊबिजेच्या ओवाळणीपलीकडे एक रुपया घेतलेला नाहीं. शिवाय 'परवापर्यंत चालत होता' हें तिचें वाक्य मनांतून जाईना. त्या वाक्यांत एक प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर न देतांच मीं निकाल दिला होता. परीक्षेंत एखाद्या मुलानें असें केलें असतें तर मीं त्यास शून्य गुण दिले असते.

शनिवारीं सकाळीं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाकडे गेलों. जुन्या कॉम्प्युटरला एखादी वापरलेली डिस्क त्याच्याकडे मिळेल काय, एवढेंच विचारावयाचें होतें. तो पाबळच्या विज्ञान आश्रमांत शिकलेला. ह्या आश्रमाविषयीं चार ओळी लिहिणें अवश्य आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाचे डॉक्टर; मुंबईस हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या संशोधनशाळेंत त्यांनीं पुष्कळ वर्षें काम केलें. तें सोडून १९८३ सालीं ते पाबळास आले व माळावर त्यांनीं ही संस्था उभी केली. शाळेंत न रमणारीं मुलें हातानें काम करतां करतां शास्त्र शिकूं शकतात, हा त्यांचा विश्वास. वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती, रक्तगट तपासणें, अशा नाना गोष्टी तेथें मुलें खरोखरच्या गिऱ्हाइकांसाठीं करतात. २००३ सालीं डॉ. कलबाग वारले, आश्रम चालूं आहे.

तरुणानें माझें सर्व बोलणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "सर, बिघाड प्रिंटरातच आहे हे कशावरून?"

मला उत्तर देतां येईना.

"मोटार चालत नसली म्हणजे आम्ही आधी मोटार उघडत नाही," तो म्हणाला. "वीज कुठपर्यंत येते ते बघतो. पेटी, वायर, मग मोटार. शंभरातल्या पुष्कळ मोटारी मेलेल्या नसतातच." त्यानें एक जुनी डिस्क दिली, स्वतः येऊन बसविली, आणि पैसे काम झाल्यावर द्या, असें सांगून गेला.

विद्यार्थिमित्रांनो, येथें थोडें थांबून प्रिंटरच्या भाषेविषयीं सांगतों, कारण ही गोष्ट मलाहि चाळिशी उलटल्यावर त्या शनिवारींच नीट समजली. कॉम्प्युटर आणि प्रिंटर ह्यांची मातृभाषा एक नसते. कॉम्प्युटरचें म्हणणें प्रिंटरला त्याच्या भाषेंत कळवावें लागतें, आणि हें भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. नांवावरून तो गाडी हांकणारा वाटतो, परंतु काम दुभाष्याचें करतो. महाग प्रिंटरांस पोस्टस्क्रिप्टसारखी सर्वत्र चालणारी भाषा येते. ॲडोबी कंपनीनें ती १९८४ सालीं आणली, आणि तिचे दुभाषे आजहि हवे तितके मिळतात. परंतु प्रिंटर स्वस्त व्हावा म्हणून कंपन्यांनीं त्याच्या आंतली बुद्धीच काढून घेतली. अक्षर कोठें, रेघ कोठें, हा सारा विचार कॉम्प्युटरनें करावयाचा. प्रिंटरनें सांगितल्या जागीं फक्त काळा ठिपका द्यावयाचा. इंचास सहाशें ठिपके धरले तर ए-फोर आकाराच्या एका पानांत सुमारें ३ कोटी ४८ लाख जागा होतात. त्या प्रत्येक जागीं काळें कीं पांढरें हें ठरवून, त्या सगळ्याची लहानशी घडी घालून, ती प्रिंटरकडे पाठवावयाची. ही घडी घालण्याची रीति ज्या त्या कंपनीची निराळी व बहुधा गुप्त. म्हणून कंपनीनें नव्या कॉम्प्युटरसाठीं दुभाष्या दिला नाहीं, तर प्रिंटर धडधाकट असूनहि मुका होतो. ६४-बिट विंडोज जुने ३२-बिट प्रोग्रॅम चालवून घेते. पण ड्रायव्हर मात्र तिला ६४-बिटचाच लागतो. आक्काच्या प्रिंटरचा तसा दुभाष्या कंपनीनें काढलाच नव्हता. माझ्या 'निकामी' ह्या शब्दाचा अर्थ एवढाच होता.

ह्या प्रकाराचा राग येणारा पहिला मनुष्य मी नव्हे. अमेरिकेंत एम. आय. टी. ह्या विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेंत १९८० च्या सुमारास रिचर्ड स्टॉलमन नांवाचा तरुण काम करीत असे. तेथील जुन्या प्रिंटरचा प्रोग्रॅम त्यानें दुरुस्त केला होता. कागद अडकला कीं छपाईची वाट पाहणाऱ्यांस तशी सूचना जाई. पुढें प्रयोगशाळेस एक नवा प्रिंटर भेट मिळाला, पण त्याच्या प्रोग्रॅमची मूळ प्रत मिळेना. ती ज्याच्यापाशीं होती अशा एका गृहस्थास दुसऱ्या विद्यापीठांत गांठून स्टॉलमननें मागितली. ती कोणास न देण्याचें वचन त्यानें दिलें होतें, म्हणून त्यानें ती नाकारली. हा नकार स्टॉलमनच्या जिव्हारीं लागला. सर्वांस वाचतां येईल, दुरुस्त करतां येईल व वांटतां येईल अशी कॉम्प्युटरची प्रणाली निर्माण करण्याचा संकल्प त्यानें सप्टेंबर १९८३ मध्यें जाहीर केला. डॉ. कलबाग पाबळास आले तें सालहि हेंच. पुढें २००२ सालीं एम. आय. टी.च्याच साहाय्यानें पाबळच्या आश्रमांत 'फॅब लॅब' नांवाची कार्यशाळा निघाली, आणि ती त्या विद्यापीठाबाहेरील अशा अगदीं पहिल्या कार्यशाळांपैकीं एक होय. दोन्ही गोष्टींचा परस्परांशीं संबंध होता असें मी म्हणत नाहीं. पण त्या रात्रीं हें वाचतांना मला पाबळ आणि बोस्टन ह्यांमधील अंतर थोडें कमी वाटलें खरें.

त्या संकल्पांतून व १९९१ नंतर लिनक्सच्या योगानें जी मोकळी प्रणाली वाढली, तिच्यासाठीं लोकांनीं आपण होऊन कितीतरी प्रिंटरांचे दुभाषे लिहून ठेविले आहेत. रिक रिचर्डसन नांवाच्या एका गृहस्थानें आक्काच्या प्रिंटरच्या कुळांतील यंत्रांची घडी घालण्याची रीति शोधून काढून 'फू-टू-झेडजेएस' नांवाचा ड्रायव्हर लिहिला, आणि तो कोणासहि फुकट घेतां येतो. माझी योजना अशी: जुना कॉम्प्युटर टाकून न देतां त्यावर लिनक्सची डेबियन नांवाची प्रणाली बसवावयाची, प्रिंटर त्यालाच जोडावयाचा, आणि नव्या लॅपटॉपनें आपलें काम घरच्या नेटवर्कवरून ह्या जुन्या दुभाष्याकडे सोंपवावयाचें. मधली ही देवघेव 'कप्स' नांवाचा प्रोग्रॅम पाहतो. तो १९९९ पासून प्रचारांत आहे. आक्काचा कॉम्प्युटर ३२-बिट काळांतला, म्हणून डेबियनची २०२३ सालची बारावी आवृत्ति घेतली. तेराव्या आवृत्तीपासून अशा जुन्या यंत्रांवर ती बसवितां येत नाहीं. फाइल ह्या वेळीं डेबियनच्या स्वतःच्या स्थळावरूनच उतरविली, आणि भाचीनें पत्ता दोनदां वाचून पाहिला.

शनिवारीं रात्रीं अकरा वाजतां सर्व जुळणी झाली. मीं एक पान छापण्यास पाठविलें. पडद्यावर 'काम पूर्ण' अशी अक्षरें आलीं. प्रिंटर ढिम्म. पुन्हां पाठविलें, पुन्हां 'काम पूर्ण'. असें सात वेळां झालें. नोकरशाहींत असे शेरे मीं पाहिले आहेत, पण यंत्राकडून ही अपेक्षा नव्हती. मी खुर्चीवरून उठलों व आक्काला म्हणालों, "मी आपलं हात टेकले. सोमवारी पोस्टात मीही येतो."

आक्का दाराशीं बसून प्रवेशअर्जांचे कोरे नमुने लावीत होती. ती म्हणाली, "घुरघुरला नाही तो."

"म्हणजे?"

"रोज सकाळी बटण दाबलं की आधी नुसताच दिवा लागायचा. मग कॉम्प्युटर सुरू झाला की थोड्या वेळानं हा घुरघुरायचा. एकदा घुरघुरला की दिवसभर छापायचा. वीज जाऊन आली की पुन्हा तसंच. तू जोडल्यापासून हा एकदाही घुरघुरला नाही. नव्यावरही नाही आणि ह्याच्यावरही नाही."

मी पुन्हां खालीं बसलों. ड्रायव्हरबरोबरची माहिती मीं वाचली होती, म्हणजे शाळेंतील मुलें वाचतात तशी, पहिलें व शेवटचें पान. आतां मधलीं पानें वाचलीं. तेथें स्पष्ट लिहिलें होतें. ह्या कुळांतील कांहीं प्रिंटरांच्या पोटांत त्यांचा स्वतःचा प्रोग्रॅम सांठवून ठेवण्याची सोयच नाहीं. बटण बंद केलें कीं ते सारें शिकलेलें विसरतात. पुन्हां सुरू झाल्यावर कॉम्प्युटरनें प्रथम त्यांस तो प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, पाठवावयाचा असतो. तो मिळाला म्हणजे यंत्र खडबडून जागें होतें, आंतलीं चाकें एकदां फिरवून पाहतें, आणि मग छपाईस सिद्ध होतें. आक्का जिला घुरघुर म्हणत होती ती हीच. तिनें ती सतरा वर्षें रोज ऐकिली होती. मीं मात्र दोन दिवस त्याच्याशेजारीं बसून तिची उणीव ओळखिली नव्हती.

अडचण एवढीच उरली कीं, हें फर्मवेअर कंपनीच्या मालकीचें असल्यामुळें मोकळ्या प्रणालीबरोबर तें वांटतां येत नाहीं. तें मूळ ड्रायव्हरच्या सीडींतून काढून घ्यावें लागतें. सतरा वर्षांपूर्वींची सीडी कोठून आणावयाची?

"ती आहे की," आक्का म्हणाली.

कपाटाच्या वरच्या फळीवरून तिनें प्लास्टिकची एक पिशवी काढली. तींत मेहुण्यांच्या हातची घडी घातलेली पावती, हमीपत्र, आणि कागदी पाकिटांत ती सीडी. पाकिटावर त्यांच्या अक्षरांत लिहिलेलें होतें: 'प्रिंटर. टाकूं नये.' नव्या लॅपटॉपला सीडी घालण्याची जागाच नाहीं, हें वाचकांस ठाऊक आहे. जुन्या कॉम्प्युटरला होती. एक ओरखडा होता; पहिल्या दोन खेपांस सीडी वाचलीच जाईना. भाचीनें ओढणीच्या टोंकानें मधून कडेकडे अशी पुसून दिली. तिसऱ्या खेपेस फाइल निघाली. ती योग्य जागीं ठेवून, प्रिंटर सुरू होतांच आपोआप पाठविली जावी अशी व्यवस्था केली व बटण दाबलें.

दिवा लागला. आम्ही तिघें गप्प. रस्त्यावर एक मोटारसायकल गेली तिचाहि राग आला. मग आंतून ती ओळखीची घुरघुर झाली, आणि मागें अडलेलीं सातहि पानें एकामागून एक बाहेर पडलीं. रविवारचा एक वाजून गेला होता. आक्कानें पहिलें पान उचलून दिव्याकडे धरलें, अक्षरांची धार पाहिली आणि म्हणाली, "टोनर भरायला हवा." एवढेंच.

रविवारीं दुसरें एक लहानसें विघ्न निघालें. आक्काचे अर्जांचे जुने मसुदे उघडले तर मराठीच्या जागीं इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची खिचडी! ते मसुदे युनिकोडपूर्वींच्या एका फॉन्टमध्यें टाइप केलेले, आणि तो फॉन्ट नव्या लॅपटॉपवर नव्हता. देवनागरी अक्षरांस नव्या यंत्राशीं जुळवून घेणें कधींच सोपें गेलेलें नाहीं. शिशाच्या खिळ्यांच्या काळीं जोडाक्षरांनीं छापखानेवाल्यांस जेरीस आणलें होतें. १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी लहानपणीं अमेरिकन मिशनच्या मुंबईच्या छापखान्यांत कामास लागले होते, तेथेंच त्यांनीं ही विद्या उचलली. कॉम्प्युटर आला तेव्हां पुण्याच्या सी-डॅक ह्या १९८८ सालीं निघालेल्या संस्थेनें 'जिस्ट'च्या योगानें पडद्यावर देवनागरी आणली. पण पुढें जो तो फॉन्ट आपल्या मर्जीप्रमाणें अक्षरांस आंकडे देऊं लागला, आणि एकाचें लिहिलेलें दुसऱ्यास वाचतां येईना. जुना फॉन्ट लॅपटॉपवर घातला तेव्हां मसुदे दिसूं लागले. भाचीनें मात्र नवे मसुदे युनिकोडमध्येंच करण्याचें मनावर घेतलें, आणि तें काम तिनें जून संपेपर्यंत पुरें केलें.

सोमवारीं सकाळीं मी एस. टी. धरण्यापूर्वीं दुकानांत गेलों. आंत सात-आठ मुलें व त्यांचे आईबाप उभे. आक्कानें एका कागदावर क्रम लिहून भिंतीस चिकटविला होता: आधीं जुना कॉम्प्युटर, मग प्रिंटर, घुरघुर ऐकूं आल्यावर लॅपटॉप. पासबुक पुन्हां ट्रंकेंत गेलें होतें. मोटारवाल्या तरुणाचे डिस्कचे पैसे द्यावयास गेलों, तेव्हां त्यानें विचारलें, "मग, मोटार मेली होती का सर?" मीं नाहीं म्हणून मान हालविली.

शाळा उघडल्यावर मीं ती नोंदवही काढली. त्यांत दोन प्रिंटरांपुढें माझ्या अक्षरांत 'निकामी' असें लिहिलेलें सांपडलें. पहिला भंगारांत गेला आहे. वजनाप्रमाणें त्याचे एकशें दहा रुपये शाळेच्या खात्यांत जमा झाल्याची पावती जोडलेली आहे. तो खरोखर निकामी होता कीं नाहीं, हें आतां कोणासहि कळण्याचा मार्ग राहिलेला नाहीं. दुसरा प्रयोगशाळेच्या कपाटावर नकाशांच्या गुंडाळ्यांखालीं होता, म्हणून वांचला. त्याच्यापुढील शेरा खोडून मीं 'तपासणें आहे' असें लिहिलें व सही केली. नववीचे दोन विद्यार्थी दर शनिवारीं माझ्याबरोबर त्यावर काम करीत आहेत. केबल, खोबण व वीज येथपर्यंत सर्व ठीक असल्याचें त्यांनीं पाहिलें आहे. त्याच्याबरोबर आलेली सीडी मात्र शाळेंत कोठेंच सांपडत नाहीं. पालकांपैकीं कोणाच्या घरीं जुन्या प्रिंटरांच्या सीडी पडून असतील, तर त्या टाकून न देतां मुलांबरोबर मजकडे पाठवाव्या. काम होतांच त्या परत केल्या जातील.